मॉरिस मायनरची वायरिंग काढण्याआधी बॅटरी कोणत्या बाजूने जोडली आहे ते पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नौपाड्यात राहणाऱ्या आपल्या ८१ वर्षांच्या वडिलांकडे १९५४ सालची मॉरिस मायनर आहे. आजोबांनी घेतलेली ही गाडी वडील आजही रविवारी सकाळी तलावपाळीपर्यंत, कधी उपवनपर्यंत स्वतः चालवत नेतात. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर जवळच्या एका दुकानातून नवी बॅटरी बसवली आणि त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा तांबडा दिवा रेस दिल्यावर विझण्याऐवजी अधिकच प्रखर होतो, दोन-तीन फेऱ्यांत बॅटरी उतरते, बॉनेटखालून टकटक आवाज येतो, हेडलाइट मंद झाले आहेत आणि एकदा रबर जळल्याचा वास आला. इलेक्ट्रिशियनने सगळी वायरिंग काढून टाकायला, मारुती ८००चा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे आजच्या पद्धतीचे यंत्र, बसवायला आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यायला सांगितले आहे. वडिलांचे म्हणणे एवढेच आहे की बॅटरी बदलेपर्यंत गाडी ठणठणीत होती, म्हणून गाडीला कोणी हात लावायचा नाही. कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या परिसरात मी अनेक वर्षे गाड्यांच्या विजेचे काम करतो आणि त्यात जुन्या ब्रिटिश गाड्या बऱ्याच येतात. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून माझे मत असे झाले आहे की वडिलांचा संशय बरोबर आहे. इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्यातला वायरी जुन्या झाल्याचा भागही खरा आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. जळल्याचा वास कुठून आला याचा शोध लागेपर्यंत गाडी सुरू करू नये आणि बॅटरीची एक केबल काढून ठेवावी, ही विनंती मात्र सर्वांत आधी.

या गाडीची एक गोष्ट आजच्या बहुतेक मेकॅनिकांना सवयीने लक्षात येत नाही. मॉरिस मायनर पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे, म्हणजे तिच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेला असतो आणि सर्व उपकरणांकडे जाणारी जिवंत वायर निगेटिव्हची असते. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश कंपन्या अशाच गाड्या बनवत होत्या; त्यामुळे गंज कमी चढतो अशी तेव्हा समजूत होती. आज रस्त्यावर धावणारी जवळजवळ प्रत्येक गाडी निगेटिव्ह अर्थची आहे. दिवसाला वीस बॅटऱ्या बसवणाऱ्या माणसाचा हात निगेटिव्ह केबल बॉडीकडे आपसूक नेतो, आणि आपल्या गाडीच्या बाबतीत नेमके तेच घडले असावे.

अशी उलटी जोडलेली बॅटरी लगेच ओळखू येत नाही, कारण बहुतेक सर्व गोष्टी चालूच राहतात. बल्बला दिशा नसते. हॉर्न वाजतो, वायपर फिरतो, सेल्फ नेहमीच्याच दिशेने फिरतो, कारण या मोटरींमध्ये कायमचे चुंबक नसून गुंडाळीचे चुंबक आहे आणि प्रवाह उलटला की दोन्ही बाजू एकदमच उलटतात. एस.यू. कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंपही टिकटिकत राहतो. बिघडतो तो डायनामोचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, संसार. डायनामोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व मागे उरलेले असते आणि त्याची दिशा पॉझिटिव्ह अर्थची असते. इंजिन वेग घेते, डायनामो आपल्या जुन्या दिशेने व्होल्टेज तयार करतो, कटआउट, म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, ते पाहून संपर्क जोडतो आणि त्या क्षणी बॅटरी व डायनामो एकमेकांच्या विरुद्ध न राहता एकापुढे एक लागतात. बारा अधिक बारा असे चोवीस व्होल्ट एका लहानशा संपर्कावर येतात, मोठा प्रवाह उसळतो, कटआउट उघडतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा उघडतो. आपण लिहिलेली टकटक हीच असणार. तांबडा दिवा डायनामो आणि बॅटरी यांच्या मध्ये बसवलेला असतो आणि दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये जेवढा फरक तेवढा तो पेटतो, म्हणून रेस वाढल्यावर तो अधिक उजळतो. चार्जिंग होतच नाही, म्हणून बॅटरी उतरते. वासाचेही एक संभाव्य कारण यातच मिळते.

आपण सहज लिहिलेली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. बॅटरी बसवणाऱ्याने त्याच वेळी डॅशबोर्डखाली मोबाइल चार्जिंगचे सॉकेट लावून दिले आणि ते छान चालते, असे आपण म्हणता. त्या सॉकेटला एकच वायर असेल आणि त्याची बाहेरची वाटी बॉडीच्या पत्र्यावर कसलेली असेल, तर पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत चार्जरला उलटा पुरवठा मिळून तो चालायला नको. तो चालतो आहे, म्हणजे बॉडी सध्या निगेटिव्ह झालेली आहे.

खात्री करून घेण्यासाठी पाना-पकड लागत नाही. बॉनेट उघडून बॅटरीच्या खांबांजवळची अधिक-उणे ही चिन्हे पाहावीत आणि बॉडीला कसलेली केबल कोणत्या खांबावरून निघते ते पाहावे. चिन्हे पुसट असतील तर खांबांची जाडी पाहावी. नेहमीच्या निमुळत्या खांबांमध्ये पॉझिटिव्ह खांब किंचित जाड असतो. केबलच्या पकडीही त्याच मापाच्या असतात, म्हणून उलट्या जोडलेल्या बॅटरीवर एक पकड जबरदस्तीने फाकवलेली किंवा दुसरी पत्र्याचा तुकडा घालून घट्ट केलेली दिसते. तसे दिसले तर शंका उरत नाही.

आता दुरुस्ती. बॅटरी पूर्ण चार्ज करून, फिरवून, पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडावा. चार्जर लावताना मात्र पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह हाच नियम राहतो. गाडीच्या अर्थिंगचा त्याच्याशी संबंध नाही. त्यानंतर डायनामोला त्याची मूळ दिशा पुन्हा देऊन घ्यावी. मधल्या काळात उलट्या प्रवाहाने तिचे काय झाले आहे हे बाहेरून कळत नाही आणि मूळ दिशाच टिकून असेल तरी हे केल्याने काही बिघडत नाही. डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढाव्यात. मोठा खांब डी, लहान खांब एफ. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरून एक वायर आणून एफच्या खांबाला क्षणभर टेकवावी, बारीक ठिणगी पडली की काढावी. हे दोन-तीनदा केले की पुरे. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि मग नव्याने जोडलेला कटआउटही जाळतात.

लगेचच डायनामोची परीक्षा घेता येते. वायरी काढलेल्याच ठेवून डी आणि एफ एका तुकड्याने एकमेकांना जोडावेत, मल्टिमीटरचे एक टोक तिथे आणि दुसरे डायनामोच्या अंगावर धरावे, मग इंजिन सुरू करून अगदी हळूहळू वेग वाढवावा. व्होल्टेज न अडखळता भरभर चढले पाहिजे. ते २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये आणि वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपासच ठेवावा, कारण या वेळी त्याला आवर घालणारे काहीही नसते. मीटर एका व्होल्टच्या आतच घुटमळला तर फील्डच्या, म्हणजे स्थिर चुंबकाच्या, गुंडाळीत दोष आहे, चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर, म्हणजे फिरणारी गुंडाळी, संशयास्पद आहे, आणि काटा किंवा आकडा थरथरत असेल तर कार्बनचे ब्रश झिजलेले किंवा ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर मळलेला आहे. कॉम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करावा, एमरीने कधीही करू नये. एमरीचे कण पट्ट्यांमधल्या फटीत बसतात. मागच्या बुशला तेल देण्यासाठी एक छिद्र असते, त्यात इंजिन ऑइलचे दोन-चार थेंबच घालावेत. वडिलांना हे छिद्र नक्की माहीत असेल.

यानंतर कंट्रोल बॉक्स, म्हणजे कटआउट आणि व्होल्टेजला आवर घालणारा रेग्युलेटर ज्यात असतात ती पेटी. त्याचे झाकण बॅटरी काढूनच उघडावे. आत कटआउटचे संपर्क काळे पडलेले, खड्डे पडलेले दिसतील. थोडेच खराब असतील तर बारीक काचपेपरने साफ करून चालतात. चिकटून वितळल्याच्या खुणा असतील तर बॉक्स बदललेला बरा. कटआउट साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जोडला गेला पाहिजे. आतल्या स्क्रूंना मीटरशिवाय हात लावू नये. अंदाजाने स्क्रू फिरवून बॅटरी उकळवल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

इतके झाले की तांबडा दिवा पूर्वीसारखा वागेल. पूर्वीसारखा म्हणजे कसा, हे वडील आपल्याला सांगतील. चावी फिरवल्यावर पेटेल, गाडी हळू फिरत असताना मिणमिणेल आणि वेग घेतल्यावर विझेल. सिग्नलला उभे असताना तो मिणमिणला म्हणून घाबरू नये. डायनामो मंद फेऱ्यांवर काही देत नाही, ही त्याची रीतच आहे.

हेडलाइट मंद असण्यामागे मात्र दुसरेही कारण असणार आणि ते बहुतेक अर्थिंगचे असते. सत्तर वर्षांच्या गाडीत जिवंत वायरींपेक्षा परतीची वाट आधी बिघडते, कारण ती वाट म्हणजे गंजलेला, चार वेळा रंग चढवलेला पत्रा आणि त्यावरचे बारीक स्क्रू. ठाण्याला खाडीचा दमटपणा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. इथे पितळेवर हिरवी पूड चढायला वेळ लागत नाही. दिवे लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे हेडलाइटच्या अर्थ वायरीच्या टोकावर धरावे. ०.२ किंवा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तेवढे व्होल्टेज पत्र्यात हरवते आहे. मग दुसऱ्या बाजूने, निगेटिव्ह खांबापासून बल्बच्या जिवंत टोकापर्यंत, तसेच मोजावे. जुना स्विच आणि डिपर मिळून तिथे दीड-दोन व्होल्ट सहज खाल्ले जातात. हे किरकोळ वाटते, पण बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

इंजिनचे अर्थिंग याहून महत्त्वाचे आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. ती खालच्या बाजूला, तेल-चिखलात असते आणि कोणी तिच्याकडे पाहत नाही. ती तुटली किंवा सैल झाली तर सेल्फ ओढताना लागणारा शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे चोकची किंवा ॲक्सिलरेटरची तार. चोकची तार तापून तिच्या आवरणातून धूर निघतो आणि तो डॅशबोर्डखाली येतो. जळल्याचा वास सेल्फ मारताना आला होता की गाडी चालत असताना, हे वडिलांना आवर्जून विचारावे. सेल्फच्या वेळी आला असेल तर आधी ही पट्टी पाहावी. चोकची मूठ ओढताना पूर्वीपेक्षा जड लागत असेल तर तोही पुरावाच आहे.

अर्थिंगची गाठ सुटल्यावर वायरिंगचा विचार करावा आणि इथे मी आपल्या इलेक्ट्रिशियनशी सहमत आहे. १९५४च्या वायरी तांब्यावर रबर आणि त्यावर सुती वेणी अशा असतात. बाहेरची वेणी मळकट पण धड दिसते, त्यामुळे फसगत होते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायरींचा जुडगा जिथे आत शिरतो, तिथली एक वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवून पाहावी. आत रबर कडक झालेले असेल तर जुन्या पापडासारखा बारीक तडकण्याचा आवाज येतो आणि वेणीच्या धाग्यांमधून काळी भुकटी गळते. त्या जागी तांबे आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये आता फक्त सुताचा धागा उरलेला आहे, आणि पावसाळ्यात तो ओला होतो. अशी वायर टेप गुंडाळून वाचत नाही.

यात एक धोका फार जणांना माहीत नसतो. या गाडीच्या पेटीत दोनच फ्यूज आहेत. एक हॉर्नसारख्या कायम चालू असलेल्या गोष्टींचा, दुसरा चावीवर चालणाऱ्या वायपर, ब्रेक लाइट वगैरेंचा. हेडलाइट आणि साईड लाइट यांना मुळात फ्यूजच दिलेला नाही. ती वायर पत्र्याला टेकली तर ती विझत नाही, लाल होते आणि शेजारच्या वायरींनाही जाळत जाते. शिवाय मूळ फ्यूजवर ३५ अँपिअर छापलेले असते, तो आकडा लुकास या विजेचे मूळ सामान बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीने वितळण्याचा आहे. सलग प्रवाह त्याच्या साधारण निम्माच धरायचा. आज दुकानातून ३५ अँपिअरचा काचेचा फ्यूज आणला तर त्याचा आकडा सलग प्रवाहाचा असतो, म्हणजे तो दुप्पट दमाचा असतो आणि वायर जळेपर्यंत शाबूत राहतो. त्या जागी १५ किंवा फार तर २० अँपिअरचा घालावा.

नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, मूळ रंगांचाच बनवून घ्यावा. लुकासचे रंग ठरलेले आहेत: बॅटरीकडून येणारी मुख्य वायर तपकिरी, चावीनंतरची पांढरी, चावीनंतर फ्यूजमधून आलेली हिरवी, कायम चालू फ्यूजची जांभळी, हेडलाइटची निळी, साईड लाइटची लाल, अर्थची काळी, डायनामोची पिवळी. हे रंग पाळले की पुढे कोणीही मेकॅनिक नकाशा हातात घेऊन काम करू शकतो. सगळीकडे एकाच रंगाची वायर वापरून केलेले काम आज स्वस्त पडते, पण पुढच्या प्रत्येक बिघाडाला दुप्पट मजुरी घेते. सुती वेणीची, आत पीव्हीसी असलेली तयार हार्नेस ब्रिटनहून मागवता येते. नाहीतर इथेच वायरी घेऊन जुन्या जुडग्यावर माप धरून बांधता येते. ०.३० मिलिमीटरच्या १४ तारांची वायर सुमारे पावणेनऊ अँपिअर वाहते, २८ तारांची साडेसतरा आणि ४४ तारांची साडेसत्तावीस. साईड लाइटला १४, हेडलाइटला २८, कंट्रोल बॉक्सच्या मुख्य वायरींना ४४, यापेक्षा बारीक वापरू नये. टोकांना पितळी बुलेट, म्हणजे वायर जोडायची गोल टोके, डाग देऊन बसवाव्यात. वायरी पिळून वर टेप मारण्याची पद्धत या गाडीत कुठेही चालवून घेऊ नये. ऑपेरा हाउसच्या बाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर मिळून यातले बहुतेक सामान मिळते. जुने होल्डर, स्विच यांच्यासाठी कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर चक्कर मारावी लागेल.

अल्टरनेटर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेहमी मिळणारा अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचा असतो, म्हणजे आधी सगळी गाडी उलटी करावी लागते. ब्रॅकेट, पट्टा, कंट्रोल बॉक्सची जोडणी, सगळे बदलते. आणि मिळवायचे काय? हिशेब करून पाहू. डिपरवर ३६ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे सहा अँपिअर, साईड, मागचे आणि नंबर प्लेटचे दिवे मिळून अडीच, प्लगला ठिणगी देणारी कॉइल तीन-साडेतीन, वायपर तीनच्या आत, पंप एक. एकूण पंधरा-सोळा. या मॉडेलवर येणारा लुकासचा सी ३९ डायनामो चालत्या गाडीत १९ अँपिअर देतो. रविवारी सकाळी उजेडात फिरणाऱ्या गाडीला तो पुरून उरतो. घोडबंदर रोडवर रात्रीच्या कोंडीत रोज तास-दीड तास उभी राहणारी गाडी असती तर माझे उत्तर वेगळे असते.

पॉझिटिव्ह अर्थ तसेच ठेवायचे की नाही, यावर जाणकारांत दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. गाडी निगेटिव्ह अर्थची करणे अवघड नाही: बॅटरी सध्या आहे तशीच ठेवून डायनामोला नवी दिशा द्यायची आणि कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. कॉइलचे काम विसरता येत नाही, कारण प्लगचा मधला तापलेला इलेक्ट्रोड निगेटिव्ह असला तरच ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. उलटी जोडलेली कॉइल थंड सकाळी आणि जुन्या प्लगवर त्रास देते. तरीही आपल्या बाबतीत मी मूळ पद्धतीच्या बाजूचा आहे. ही गाडी आपले वडील साठ वर्षे ओळखतात. रस्त्यात काही झाले तर बॉनेट उघडून तेच पाहणार आहेत, आणि त्यांच्या मनातला नकाशा पॉझिटिव्ह अर्थचा आहे. तो नकाशा खरा राहू द्यावा. मोबाइलचे सॉकेट मात्र बॉडीपासून पूर्ण अलग, प्लास्टिकच्या पट्टीवर बसवून त्याच्या दोन्ही वायरी स्वतंत्र आणाव्यात आणि मध्ये फ्यूज द्यावा. तरीही वायर लावलेल्या मोबाइलचा किंवा चार्जरचा धातूचा भाग पत्र्याला टेकला तर शॉर्ट होऊ शकतो, कारण त्याचे कवच निगेटिव्ह असते. मी तरी ते सॉकेट काढून टाकेन.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनही नको. पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काची, फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३६ ते ०.४० मिलिमीटर ठेवली, चांगला कंडेन्सर घातला, की ही गाडी तक्रार करत नाही. पॉइंट हळूहळू खराब होतो, आधी सूचना देतो आणि रस्त्याच्या कडेला कानशीच्या दोन हातांनी घरी पोहोचवतो. वडिलांना ते काम येते.

जिथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तिथे मात्र मूळपणाचा आग्रह सोडावा आणि बदल दिसणार नाहीत असे करावेत. हेडलाइटसाठी दोन रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) आणि दोन फ्यूज बॉनेटखाली बसवावेत. मग जुन्या स्विचमधून जेमतेम प्रवाह जातो, स्विच तापत नाही, आणि बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळून त्याच बल्बचा उजेड वाढतो. रिले घेताना आत डायोड नसलेला घ्यावा. डायोडवाला रिले उलट्या अर्थिंगमध्ये शॉर्ट होतो. जोरकस हॅलोजन घालण्याचा मोह टाळावा. ब्रेक लाइटचा बल्ब आणि त्याचा स्विच दर महिन्याला तपासावा, कारण मागच्या माणसाला तीन हात नाक्यावर दुसरी कोणतीही खूण मिळत नाही. दाराच्या खांबातून बाहेर येणारे, वळण दाखवणारे हात म्हणजे ट्रॅफिकेटर, आजच्या दुचाकीस्वारांना कळत नाहीत. ते चालू ठेवावेत, पण त्यांच्याच स्विचवर चालणारे लहान पिवळे फ्लॅशर पुढे-मागे जोडावेत. ट्रॅफिकेटर अडकला तर हाताने ओढू नये, सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब पुरतो.

बॅटरी तोडण्याचा स्विच हवाच. बाजारात खांबावर बसणारा गोल मुठीचा स्विच मिळतो, पण तो फिरवायला बोटांत जोर लागतो आणि प्रत्येक वेळी जड बॉनेट उचलावे लागते. ८१ वर्षांच्या हातांसाठी लांब दांड्याचा स्विच ड्रायव्हरच्या पायापाशी, वाकावे लागणार नाही अशा उंचीवर बसवावा आणि पॉझिटिव्ह, म्हणजे अर्थची केबल त्यातून न्यावी. उभ्या गाडीत काही चालू राहण्याची गरज नाही, म्हणून उतरताना तो बंद केला की पावसाळ्यात ओल्या वायरींतून होणारी गळतीही थांबते. एक किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक सीटखाली न ठेवता हाताला लागेल असे कसून ठेवावे. पेट्रोल पंप विजेवर चालतो हे लक्षात असू द्यावे. आग किंवा धूर दिसला तर सर्वांत आधी चावी बंद करून हाच दांडा ओढायचा, आणि ही सवय घरातल्या प्रत्येकाला असावी.

आता कामाच्या पद्धतीविषयी, कारण माझ्या अनुभवात वृद्ध मालकांच्या गाड्या इथेच अडतात. हार्नेस एकदम उपसून काढला जातो, मग एखादा होल्डर मिळत नाही, कारागीर दुसऱ्या कामाला लागतो, आणि गाडी महिनोन्महिने उघडी पडून राहते. तरुण मालक वाट पाहू शकतो. आपल्या वडिलांचा एक हिवाळा गाडीशिवाय गेला तर तो परत देता येत नाही. म्हणून इलेक्ट्रिशियनशी आधीच ठरवावे की काम एकेका सर्किटचे होईल आणि प्रत्येक टप्प्यानंतर गाडी सुरू होईल: आधी बॅटरी, अर्थिंग, डायनामो, मग कंट्रोल बॉक्स ते चावी, मग पुढचे दिवे, मग मागचे, शेवटी ट्रॅफिकेटर आणि बाकी. सामान हातात आल्याशिवाय पुढचा टप्पा उघडायचा नाही. काढलेली प्रत्येक वस्तू, तुटकी असली तरी, चिठ्ठी लावून परत घ्यावी. त्यातले पितळी भाग आज विकत मिळत नाहीत.

शक्य असल्यास काम आपल्या सोसायटीच्या आवारात, सावलीत करून घ्यावे आणि वडिलांना खुर्ची टाकून शेजारी बसवावे. यात त्यांचा मान राखला जातो हे खरेच, पण कामालाही त्याची गरज आहे. कोणती वायर कोणत्या साली कोणी बदलली, कोणता स्विच मूळचा नाही, कुठे जोड दिलेला आहे, हे कुठल्याही नकाशात नाही. वायरींच्या टोकांना चिठ्ठ्या त्यांनीच लिहाव्यात. त्यांचा नकार बहुधा अशा भीतीतून येतो की अनोळखी माणूस गाडी उघडेल आणि ती परत आपली राहणार नाही. बॅटरीबद्दलचे त्यांचे निदान बरोबर होते, हे इलेक्ट्रिशियनने त्यांना तोंडाने सांगितले तर पुढचे बरेच सोपे होईल. स्विचांच्या जागा मुळीच हलवू नयेत. सेल्फची मूठ, वायपर, दिवे, सगळे जिथे होते तिथेच राहावे; त्या वयात हात न पाहता जागा शोधतात आणि तेच त्यांचे रस्त्यावरचे रक्षण आहे.

नोंदणीबद्दल आपण शेवटी विचारले आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. मोठ्या बदलांच्या संदर्भात तिथे चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, त्यामुळे मूळ धर्तीच्या नव्या वायरिंगने अडचण येण्याचे कारण नाही. पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, नियमित वापर करता येत नाही. दर रविवारची फेरी चालू ठेवायची असेल तर सध्याची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहणे अधिक सोयीचे.

आठवड्याला तलावपाळीपर्यंतची एकच फेरी होत असेल तर सेल्फने घेतलेले चार्ज तेवढ्यात भरून निघत नाही. महिन्यातून एकदा तरी बॅटरी लहान चार्जरवर रात्रभर लावावी, आणि त्यासाठी पार्किंगमध्ये एक प्लग पॉइंट मिळावा म्हणून सोसायटीकडे अर्ज करून ठेवावा. बॅटरी उचलून वर घरी नेणे वडिलांनी करू नये. काम पूर्ण झाले की बॅटरीशेजारच्या पत्र्यावर न पुसणाऱ्या रंगात मराठीत आणि हिंदीत ठळक लिहून घ्यावे: ‘पॉझिटिव्ह खांब बॉडीला’. पुढची बॅटरी बसवताना घरातले कोणीतरी तिथे उभे असावे.